पाच नग

रात्री साडेनऊला वर्तमानपत्र पसरून
हे वांगी मोजायला बसले.
एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
दुसऱ्यांनी घडवलेलं मोजलं,
हातातला व्हर्नियर अजून सुटत नाही.
“अठ्ठावन्न. साठ. एकोणसाठ पूर्णांक चार.”
मी लिहून घेते, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत.
वांग्याला दशांश असतो
हे मला या घरात आल्यावर कळलं.

नियमांच्या कागदावर एवढंच आहे:
वर्ग एक्केचाळीस. वांगी, पाच नग,
एकसारखे, देठासकट, स्वतः पिकवलेले.
गच्चीवर अकरा रोपं, द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांत.
सप्टेंबरपासून तांदळाचं धुवण त्यांना,
चहाचा चोथा त्यांना,
उन्हाची पहिली तिरीप त्यांना,
आणि मला विचारायचं, आज भाजी काय?
वांग्यांना हात न लावता.

माझा गुलाब न्हाणीघरात अंधारात उभा आहे,
गळ्यापर्यंत पाण्यात.
कळीला लोकरीचा सैल फेरा दिलाय,
रातोरात उमलू नये म्हणून.
त्याचं मला वाईट वाटतं, असं म्हटलं
तर हे म्हणाले, “लोकर कुठली?
माझ्या स्वेटरची?”

पावणेबाराला पाचवं वांगं उलटं केलं
आणि बोलणंच थांबलं.
देठाच्या टोपीखाली, काट्याच्या आडोशाला
टाचणीच्या डोक्याएवढं भोक.

“ते तोंड भिंतीकडे करून ठेवा,” मी म्हटलं,
“परीक्षक काय भिंग घेऊन येतात?”
काही नाही.
“नाहीतर पहाटे मंडईत बघू, याच जांभळ्या रंगाचं.
बोपोडीचे आयझॅक सर नाही का गेल्या वर्षी...”
असू दे. ते काही सिद्ध झालेलं नाही.

हे उठले.
माळ्यावरून लाल रंगाची डबी काढली.
आत रंगाचा दगड झालेला, अकरा वर्षांचा.
मग देवघरापाशी गेले,
माझ्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं
आणि वांग्याच्या कपाळावर टेकवलं.
मला वाटलं, पूजा करतायत.
“नापास,” म्हणाले,
आणि दिवा मालवला.

पहाटे शकीलची रिक्षा.
मांडीवर टोपली, टोपलीत ओलं फडकं,
फडक्यात चार.
गुलाबाची बादली माझ्या दोन पायांत.
थंडीनं काचेवर धुकं साचलेलं,
आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला
शकील असा हळू, जशी पोटुशी बाई मागे बसलीय.
“पाच का नाही काका?” त्यानंही विचारलं.
सगळ्या वस्तीला पाठ होते पाच.

दुपारी चिठ्ठी लागली:
नग कमी. स्पर्धेबाहेर.
ह्यांनी चष्मा वर करून वाचली,
परत वाचली, खालची सही पाहिली.
“बरोबर आहे. मीही हेच लिहिलं असतं.”
असा खूश माणूस
बक्षिसाच्या टेबलापाशीसुद्धा नव्हता त्या दिवशी.

माझ्या गुलाबाला काही नाही.
निवाड्याच्या वेळी मुठीसारखा मिटलेला,
आणि परीक्षक पुढच्या मांडवात गेल्यावर
तीनच्या उन्हात
सगळा उलगडला, निर्लज्ज,
एक पाकळी तर थेट आयझॅक सरांच्या कोबीवर.

रात्री भरली वांगी केली. चार तशीच,
पाचव्याचं कुंकू धुतलं,
अळीची खोली तेवढी कापून
कुंडीत टाकली, भाडेकरूसकट.
ह्यांनी नेमकं तेच उचललं पातेल्यातून.
कसं कळलं, विचारू नका.
घास थांबवून म्हणाले,
“या झाडाचं बी धरायला हवं होतं.”

मी भात वाढत होते.
त्याच झाडावर, मागच्या फांदीला,
एक कधीचं पिवळं पडत आलंय,
पानाआड, वाकडं,
देठाला खुणेची लोकर बांधलेलं.
हो, त्याच स्वेटरची.
ते मोजलेलं नाही.